हात हलका ठेवायचा

घोड्याच्या अंगावर जे सामान चढते, त्यातल्या बहुतेक वस्तूंची नावे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांनी एकाच पेटीतून काढली आहेत. लगाम, जीन, खोगीर, चाबूक, तोबरा हे शब्द फारसीतून आले. रिकीब, नाल आणि सईस अरबीतून. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो. एकदा सातवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, लगाम लफ्ज उर्दू है या मराठी?” मी म्हणालो, “घोड्याचा आहे.” वर्ग हसला. पण नंतर वाटले, उत्तर फारसे चुकलेले नाही. ही भाषा ज्यांनी टिकवली, ते मोतद्दार, सईस, नालबंद आणि टांगेवाले पुस्तके लिहीत नव्हते. ते घोड्याशी बोलत होते.

आमचे घराणे त्यांच्यापैकीच. नानांचा टांगा होता. रिक्षा आल्या आणि टांगा गेला. मामू पुण्यात रेसकोर्सवर सईस झाले. पुण्याच्या घोड्यांच्या शर्यती पावसाळ्यात असतात आणि मुंबईच्या हिवाळ्यात, त्यामुळे मामूंचे अर्धे आयुष्य घोड्यांबरोबर घाट चढण्या-उतरण्यात गेले. आता ते शहराबाहेरच्या एका खासगी रायडिंग स्कूलमध्ये तबेला सांभाळतात. बी.एड. झालेला घरातला पहिला मीच. मामू मला अजूनही “मास्टर” म्हणतात. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मला कधी नीट कळलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी या तबेल्यात शबनम आली. पाच वर्षांची, कुमैत रंगाची, शर्यतीतून निवृत्त झालेली घोडी. पायाला काही दुखापत नव्हती, मन स्वच्छ, पण अंगात ताकद भरपूर आणि पुढे जाण्याची घाई त्याहून जास्त. जमिनीवर नुसती लाकडी बल्ली ठेवलेली दिसली तरी ती कान टवकारून तिच्यावर झेपावायची. मालकांनी तिला उड्यांसाठी आणि पुढे जमल्यास इव्हेंटिंगसाठी घेतले होते. पण जी थांबत नाही तिच्यावर शिकाऊ मुलांना बसवणार कसे? दिवाळीपर्यंत बघू, मग विकून टाकू, असे त्यांनी सांगितले. न थांबणाऱ्या घोडीला गिऱ्हाईक कोण मिळते, ते मामूंना ठाऊक होते. बहुतेक वेळा वरातवाले. बँड, फटाके, गर्दी आणि डांबरी रस्ता. शर्यतीच्या घोड्याला यापेक्षा वाईट शेवट नाही.

तिच्यावर बसायची मामूंची मुलगी. वय सतरा, वजन पंचेचाळीस किलो. रविवारी सकाळी मदतीला मी जाऊ लागलो. माझे काम साधे होते, बल्ल्या उचलायच्या आणि फासला मोजायचा.

इव्हेंटिंग हा शब्द आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून थोडे सांगतो. एकच स्वार, एकच घोडा आणि तीन परीक्षा. पहिली ड्रेसाज, म्हणजे आखीव मैदानात चाल, वळणे आणि थांबणे ठरलेल्या क्रमाने दाखवणे. दुसरी क्रॉस-कंट्री, म्हणजे मोकळ्या रानात ओंडके, चर, पाणी, चढ-उतार ओलांडत वेगाने धावणे. तिसरी मैदानातल्या उड्या, तिथे हलकीशी बल्ली पडली तरी गुण जातात. मुळात ही लष्करी घोड्यांची कसोटी. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ती पहिल्यांदा आली, ती सैन्यातल्या अधिकाऱ्यांपुरतीच. गंमत अशी की, क्रॉस-कंट्रीत घोड्याची जी उमेद हवी असते, तीच ड्रेसाजमध्ये आणि शेवटच्या उड्यांत आवरावी लागते. उमेद मारून टाकली तर दुसरी परीक्षा गेली. मोकळी सोडली तर पहिली आणि तिसरी गेली.

या खेळात आपल्या देशाने नाव केले आहे. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांत रघुबीर सिंग यांनी ‘शहजादा’ नावाच्या घोड्यावर सुवर्णपदक मिळवले, गुलाम मोहम्मद खान यांनी रौप्य, आणि सांघिक सुवर्णही भारताचे होते. मुंबईचे इम्तियाज अनीस २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकला गेले. २०१८ मध्ये जकार्ताला बंगळुरूच्या फवाद मिर्झांनी वैयक्तिक रौप्य आणले. १९८२ नंतर छत्तीस वर्षांनी वैयक्तिक पदक आले ते असे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तेच फवाद ‘सिन्योर मेडिकॉट’वर अंतिम फेरीपर्यंत पोचले आणि तेविसावे आले. मामूंच्या मोबाईलमध्ये त्या फेरीची चित्रफीत आहे. ते ती पाहतात तेव्हा उड्या बघत नाहीत, दोन उड्यांच्या मधला स्वाराचा हात बघतात.

कारण सगळा प्रश्न हाताचाच आहे. घोडा जोरात निघाला की माणूस लगाम ओढतो. ते स्वाभाविक आहे आणि तेच चुकीचे आहे. पहिल्या आठवड्यात मामूंनी मुलीला सांगितले, “वो साढेचार सौ किलो की है, तू पैंतालीस की. रस्सीखेच खेलेगी तो कौन जीतेगा?” शर्यतीच्या घोड्याचे तर आणखी वेगळे असते. धावताना जॉकी लगाम ताठ धरतो, घोडा त्या लगामावर तोंड टेकवतो आणि त्या आधारावर पळतो. म्हणजे ताणलेला लगाम हा शबनमसाठी ‘थांब’ असा हुकूम नव्हताच. तिला तो ‘पळ’ असा ऐकू येत होता. मुलगी जितकी ओढायची तितकी घोडी खुशीने पुढे जायची. दोघींपैकी हट्टी कोणीच नव्हती. भाषा वेगळी होती, इतकेच.

कोणी म्हणाले, कडक लगाम लावा, तोंडात जास्त टोचेल असा. मामूंनी मान हलवली. दुखले की घोडा दुखण्यापासून पळतो, आणि पळायला त्याच्यापुढे रानच मोकळे असते. उलट आधी डॉक्टरांकडून दात आणि पाठ तपासून घेतली, कारण खोगीर टोचत असले तरी घोडा उधळतो. ओट आणि बार्ली कमी केली, गवत वाढवले. कोंडून ठेवण्याचे तास कमी करून तिला मोकळ्या कुरणात जास्त सोडले. महिनाभर एकही उडी नाही. नुसते कदम, थांबणे, दुडकी, पुन्हा कदम. वीस मीटरचे गोल. गोलात घोड्याला आपोआप मागच्या पायांवर भार घ्यावा लागतो आणि वेग आवरावा लागतो. ओढावे लागत नाही.

मग आला तो छोटासा इशारा, ज्याला हे लोक ‘हाफ हॉल्ट’ म्हणतात. मांड खोल करायची, पाय घोड्याच्या अंगाशी मिटायचे, मूठ एक क्षण बंद करायची आणि लगेच उघडायची. सगळा खेळ त्या उघडण्यात आहे. मूठ बंदच राहिली तर घोडीला टेकायला आधार मिळतो. उघडली की आधार नाहीसा होतो आणि तिला स्वतःचा तोल स्वतः सांभाळावा लागतो. मामूंच्या भाषेत, “खींच मत, पूछ उसको. जवाब दिया तो छोड दे.” मी बी.एड.ला स्किनर वाचला होता. उर्दूच्या पुस्तकात प्रबलनाला ‘तक्वियत’ म्हणत. नकोसे काही दूर झाले की ज्या कृतीमुळे ते दूर झाले ती कृती पक्की होते, हे मी परीक्षेत दहा गुणांसाठी लिहिले होते. दबाव शिकवत नाही, दबाव सुटण्याचा क्षण शिकवतो, याचा अर्थ मला कुंपणावर बसून कळला. मामूंनी स्किनरचे नाव ऐकलेले नाही.

दुसऱ्या महिन्यात बल्ल्या आल्या आणि माझे गणित कामाला आले. घोड्याची कँटरमधली एक झेप साधारण बारा फुटांची धरतात, म्हणजे माझी तीन-तीन फुटांची चार पावले. उडी मारून उतरायला सहा फूट, पुढच्या उडीसाठी उठायला सहा फूट. म्हणून दोन अडथळ्यांत एक झेप हवी असेल तर चोवीस फूट, दोन हव्या असतील तर छत्तीस. अडथळे बुटके असले की हे अंतर थोडे कमी करायचे. घाईची घोडी दोन झेपांच्या जागी दीडच घेऊ पाहते, लांबट आणि सपाट उडते आणि पायाने बल्ली पाडते. मग आम्ही लागोपाठ बुटके अडथळे मांडले, मध्ये एकही झेप न घेता उतरताच पुन्हा उडावे लागेल असे. तिथे घाई चालतच नाही. घोडीला आपल्या पायांकडे बघावे लागते. तिला कोणी रागावले नाही, फासल्यानेच शिकवले. प्रत्येक ओळीच्या शेवटी मुलगी तिला सरळ रेषेत उभी करायची आणि मानेवर हात फिरवायची.

सगळे असे सरळ चालले नाही. एका रविवारी मागच्या मोकळ्या मैदानात पहिला ओंडका ओलांडल्यावर शबनमला रान दिसले आणि ती भरधाव सुटली. पुढे कुंपण, त्यापलीकडे रस्ता. मी जागच्या जागी गारठलो. मामू ओरडले नाहीत. मुलीने दोन्ही लगाम ओढले नाहीत. तिने घोडीला मोठ्या वळणावर घेतले, मग वळण थोडे लहान, आणखी लहान, जोवर पळणे दुडकीत आणि दुडकी कदमात आली. एकदम वळवली असती तर घोडी पडली असती. खाली उतरल्यावर मुलीचे पाय थरथरत होते. मामूंनी पाणी दिले आणि म्हणाले, “कल फिर कदम से.” दुसऱ्या दिवशी खरोखरच पहिल्या धड्यापासून सुरुवात झाली.

त्या काळात मला माझा वर्ग वेगळा दिसू लागला. प्रत्येक वर्गात एखादे मूल असे असते, जे प्रश्न संपायच्या आत उत्तर फेकते, बाकाबाहेर येते, पाढा म्हणताना शेवटच्या ओळीवर आधी पोचते. अशा मुलांना आपण ‘शैतान’ म्हणतो आणि मागच्या बाकावर बसवतो. माझ्याकडेही असा एक आहे. वडील वेल्डर आहेत, आणि आठवीनंतर त्याला कामावर घेऊन जाण्याच्या विचारात आहेत. मी त्याला उत्तराऐवजी उत्तरापर्यंतच्या पायऱ्या फळ्यावर मांडायला देतो. प्रत्येक पायरी जवळजवळ ठेवलेली, उडी मारून पलीकडे जाता येणार नाही अशी. त्याची घाई कमी झाली म्हणून नव्हे, तर ती कामाला लागली म्हणून तो आता वर्गात थांबतो. वडिलांशी बोलणे चालू आहे. निकाल अजून लागलेला नाही.

मामींचा प्रश्न वेगळा होता. मुलीची जात, हात-पाय मोडले तर? त्यांची भीती खोटी नव्हती. क्रॉस-कंट्रीत भले-भले स्वार जिवाला मुकले आहेत, आणि त्यासाठीच हेल्मेट, छातीचे कवच, आदळल्यावर खाली येणारे अडथळे आले. मी त्यांना एवढेच सांगितले की, या खेळात बायकांची वेगळी रांग नसते. तोच मार्ग, तेच अडथळे, तेच गुण. ऑलिंपिकच्या इव्हेंटिंगमध्ये बाई पहिल्यांदा १९६४ मध्ये उतरली. आणि ज्या टोकियोत फवाद तेविसावे आले, तिथे वैयक्तिक सुवर्ण जर्मनीच्या युलिया क्रायेव्स्कीने जिंकले, असे करणारी ती पहिली बाई. मामी काही बोलल्या नाहीत. भाकरी थापत राहिल्या.

दिवाळीच्या आधी रायडिंग स्कूलने आपल्याच मैदानात छोटीशी स्पर्धा घेतली. ड्रेसाजमध्ये शबनम थांबायच्या जागी दोन पावले पुढे गेली आणि गुण गेले. उड्यांमध्ये एक बल्ली पडली. शेवटून तिसरा नंबर आला. पण शेवटचा अडथळा ओलांडल्यावर मुलीने मूठ मिटली, उघडली, आणि घोडी कदमावर आली. मालक खुर्चीतून उठले आणि मामूंना म्हणाले, “राहू दे हिला.” बक्षिसाचा कप दुसऱ्या कोणी नेला.

क्रॉस-कंट्रीची खरी परीक्षा अजून व्हायची आहे. उघड्या रानात, लांबच्या पल्ल्यावर तो हलका हात टिकेल का, हे मामूंनाही सांगता येत नाही. तयारी सुरू आहे. परवा मामींनी मला बाजूला बोलावले आणि विचारले, “मास्टर, वो छाती का कवच कितने में आता है?” मी किंमत सांगितली. त्यांनी पदराच्या गाठीतून पैसे काढले, मोजले, आणि बाकीचे महिन्याअखेरीस देते म्हणाल्या.