झाकणाची आतली बाजू

भंडाऱ्यात आमच्या घरामागच्या अंगणात अठ्ठावीस वर्षे एक ताडपत्री होती. ताडपत्री होती असेच म्हणावे लागते. कारण तिच्याखाली काय आहे, याचा उल्लेख घरात कोणी करीत नसे. पावसाळ्यात तिच्या खळग्यांत पाणी साचे, हिवाळ्यात मांजरी तिच्याखाली पिले घालीत आणि उन्हाळ्यात आई तिच्यावर स्वच्छ लुगडे पसरून कुरड्या वाळत घाली. १९९१ साली बाबा गेले, त्यानंतर काही दिवसांनी ती गाडीवर घातली गेली. २०१९ साली शाळेतून निवृत्त झाल्यावर, दिवाळीच्या साफसफाईत मी ती ओढून काढली. खाली १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट उभी होती. चारही टायर जमिनीला टेकलेले, पत्र्याला जागोजागी गंज, मागच्या आसनात उंदरांनी केलेली घरे. मूळचा राखी रंग तेवढा ओळखू येत होता.

तुमच्यापैकी जे चाळिशी ओलांडून पुन्हा अभ्यासाला बसले आहेत, त्यांना ही गाडी निराळी ओळखून दाखवण्याची गरज नाही. मुंबईला गेलेल्या प्रत्येकाने तिला काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात पाहिले आहे. १९७४ पासून तिचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. तिच्या आधीच्या गोल, बुटक्या फियाटला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. त्या नावात हेटाळणीपेक्षा जिव्हाळाच अधिक होता. २९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, ती जात रस्त्यावरून उठली. त्या दिवशी वृत्तपत्रांतून हळहळीचे लेख आले. मी ते कात्रण करून ठेवले, पण खरे सांगायचे तर ते वाचताना माझे मन टॅक्सीत नव्हते. ते का, हे पुढे येईल.

बाबा डॉक्टर होते. ही गाडी त्यांनी १९६९ साली नागपूरच्या एका गृहस्थाकडून जुनी म्हणून घेतली. नवी घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात आधी अमेरिकी गाड्या जोडल्या जात आणि पन्नाशीच्या दशकात तेथे इटलीच्या फियाटशी करार होऊन या गाड्या तयार होऊ लागल्या. भंडाऱ्यात तेव्हा मोटारी हाताच्या बोटांवर मोजता येत. बाबांची फियाट पवनीच्या रस्त्याला लागली की पहेल्यातली पोरे तिच्या मागे धावत. धावणाऱ्यांना हसणारा आत बसलेला पोर मी होतो.

गाडी दुरुस्त करायची ठरवल्यावर, शिक्षकाची खोड म्हणा, मी आधी तिचा इतिहास वाचायला घेतला. कुर्ल्यापासून मागे मागे जात मी उत्तर इटलीतील तुरीन शहरात जाऊन पोहोचलो. दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या हाताखाली फियाटने १९३७ साली ‘५०८ सी’ नावाची एक साधी कुटुंबवत्सल गाडी बाजारात आणली. तिच्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. चारही सिलिंडर मिळून १०८९ घनसेंटिमीटर. मी आमच्या गाडीची जुनी पुस्तिका उघडली. तेच ६८, तेच ७५, तेच १०८९. मधल्या तीन दशकांत भाग बदलले, ताकद वाढली, पण कूळ तेच होते.

हे कूळ एका अनपेक्षित घरात नांदून आले होते. दुसरे महायुद्ध संपल्यावर, तुरीनमधील पिएरो दुझिओ या उद्योजकाने ‘चिझितालिया’ नावाने शर्यतीच्या गाड्या बांधायला घेतल्या. दुझिओ तरुणपणी फुटबॉलपटू होता. युद्धाने सगळे उद्ध्वस्त झालेले. खास शर्यतीचे इंजिन परवडणार कोणाला? म्हणून त्याने फियाट ११००चे हेच सर्वसामान्य इंजिन घेतले आणि फियाटच्या नोकरीत असलेल्या जाकोसाकडूनच पहिल्या गाडीचा आराखडा करून घेतला. १९४७ साली आलेल्या ‘चिझितालिया २०२’ या गाडीला पिनिन फरिना यांच्या कार्यशाळेने असे अंग दिले की न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९५१ साली मोटारींचे प्रदर्शन मांडले, तेव्हा निवडलेल्या आठ गाड्यांत ती होती. पुढे तिला त्या संग्रहालयात कायमचे स्थान मिळाले. भिंतीवर पिकासो, जमिनीवर चिझितालिया, आणि तिच्या पोटात आमच्या अंगणातल्या गाडीच्या कुळातले इंजिन.

त्याच १९४७ साली ‘मिल्ले मिल्या’ ही इटलीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून, दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतराची शर्यत युद्धानंतर प्रथम झाली. ताझिओ नुवोलारी हा शर्यतपटू तेव्हा चोपन्न वर्षांचा होता, प्रकृती खालावलेली. तो उघड्या चिझितालियात बसला आणि तिच्याहून कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकून आघाडीवर गेला. मग वादळी पाऊस आला. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत पाणी शिरले, गाडी अडली, मोलाची मिनिटे गेली. शर्यत अल्फा रोमिओच्या बिओंदेत्तीने जिंकली. नुवोलारी दुसरा आला. या शर्यतीबद्दल लिहिणारे पहिल्यापेक्षा दुसऱ्याविषयीच अधिक लिहितात.

हे सारे वाचून माझे डोके फिरले, असे मी आज म्हणतो. तेव्हा मला तो अभिमान वाटला. मी गावातल्या मिस्त्रीला सांगितले, गाडी लाल करायची. इटलीच्या शर्यतीच्या गाड्या लाल असत. आतून-बाहेरून पत्र्यापर्यंत खरवडायची, जुन्या रंगाचा कणही राहता कामा नये.

मिस्त्रीने आयुष्यभर महामार्गावरचे ट्रक दुरुस्त केले होते. फियाटचे इंजिन त्याने उघडले तेव्हा तो, लहान मुलाचा सदरा हाती घ्यावा तसा, हसला. पण रंगाचे ऐकून तो गंभीर झाला. “गुरुजी, इले लाल काहाले करता? डॉक्टरसायबाची गाडी राखी होती, तं राखीच राहू द्या ना.” मी त्याला नुवोलारीची गोष्ट सांगितली. ती त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारले, “मंग थो पानी शिरलं थे कोनं काढलं?” मला उत्तर देता आले नाही. मी वाचलेल्या पुस्तकात ते नव्हते.

काम दोन वर्षे चालले. त्यातले काही महिने टाळेबंदीने खाल्ले. सिलिंडर घासून मोठे करणे, नवे पिस्टन आणि रिंगा, ब्रेक, वायरिंग, आसनांची शिलाई, हे सारे यथाक्रम झाले आणि त्यात सांगण्यासारखे फारसे नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. रेडिएटर गळत होता. नवा कोठे मिळेना. नागपूरला पाहिले, मुंबईच्या चोर बाजारातही निरोप धाडला. शेवटी मिस्त्रीनेच तो काढून, भांडी घडवणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे नेला. आमचा भंडारा पितळेच्या भांड्यांचे गाव. रेडिएटरची टाकी पितळेचीच असते. त्या कारागिराने ती उलटीपालटी करून पाहिली, बोटाने वाजवली आणि घागरीला डाग द्यावा तसा तिला डाग दिला. तो आजवर गळलेला नाही. तुरीनच्या इंजिनाला भंडाऱ्याच्या भट्टीचा डाग लागला, आणि माझ्या मते या गाडीच्या इतिहासातले ते सर्वांत सुंदर पान आहे, संग्रहालयाच्या पानाहूनही.

२०२१च्या डिसेंबरात गाडी घरी आली. लालभडक, आरशासारखी. शेजारी जमले, मुलांनी छायाचित्रे काढली. आई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती. तिला हात धरून मी पुढच्या आसनावर बसवले. तिने इकडेतिकडे पाहिले, पदर सावरला आणि डॅशबोर्डावरच्या कप्प्याचे झाकण उघडले. बराच वेळ ती झाकणाच्या आतल्या बाजूकडे पाहत राहिली.

“इथलं कुठं गेलं रे?”

मला लगेच आठवले. त्या झाकणाच्या आत बाबा शिसपेन्सिलीने काहीतरी लिहीत असत. तारीख, गावाचे नाव, गाडी किती किलोमीटर चालली. अड्याळ, लाखनी, मोहाडी, करडी, पवनी. अगदी बारीक अक्षर. जागा संपली की खोडरबराने जुने पुसून पुन्हा लिहीत. लहानपणी मला तो पेट्रोलचा हिशेब वाटे. ताडपत्री काढली त्या दिवशीही मी झाकण उघडून ती अक्षरे पाहिली होती, आणि ‘जुना रंग’ याखेरीज दुसरे काही म्हणून पाहिली नव्हती. पेंटरने मी सांगितले तसेच केले होते. त्याचा काही दोष नाही.

आईने मग जे सांगितले ते मी साठ वर्षांचा होईपर्यंत ऐकले नव्हते. १९७३च्या श्रावणात एका रात्री पवनीच्या रस्त्यावरच्या एका गावातून बैलगाडीने निरोप आला होता; पहिलटकरीण अडली होती. बाबा निघाले. वाटेत एका नाल्याच्या रपट्यावर पाणी वाहत होते. त्यांनी गाडी त्यात घातली आणि मधोमध ती बंद पडली. ठिणगीच्या तारांत पाणी शिरले होते. काळोखात, गुडघाभर पाण्यात उभे राहून बाबांनी बॉनेट उघडले, स्वतःच्या सदऱ्याने तारा पुसल्या, काडी ओढून पाहिली तर काड्याही भिजलेल्या. गाडी सुरू होऊन ते पोहोचले तेव्हा मूल वाचले होते. आई गेली होती. त्या रात्रीची नोंद बाबांनी झाकणाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात केली होती: गाव, आणि किलोमीटरांच्या जागी वेळ. पुढची अठरा वर्षे त्यांनी खालचे सगळे अनेकदा पुसले. ती ओळ पुसली नाही. ती मी पुसली.

तुम्ही मराठीचे विद्यार्थी आहात, म्हणून एक आठवण देतो. मी वर्गात ती कित्येकदा सांगितली होती. ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी धाडीत नष्ट झाली आणि महानुभावांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, स्मरणारे वेगळे म्हणून पाठही वेगवेगळे झाले. परीक्षेत हे पाठभेद लिहिताना मुले कंटाळत, आणि मीही त्यांना तो एक तांत्रिक मुद्दा म्हणूनच सांगत असे. पोथी गमावलेल्या माणसांना त्या पहिल्या रात्री कसे वाटले असेल, हे मी एकदाही बोललो नाही.

मी एक वही केली. आईला आठवेल तसे लिहून घेऊ लागलो. गावे पुष्कळ मिळाली, तारखा थोड्या. त्या वरच्या ओळीतले गाव कोणते, असे विचारले तेव्हा आई म्हणाली, पहेला. वर्ध्याला असलेल्या माझ्या ताईला दूरध्वनी केला. ती त्या वेळी चौदा वर्षांची होती आणि बाबा परतले तेव्हा जागी होती. ती ठामपणे म्हणाली, कोंढा. पहेला असता तर बाबा रात्रीच परत आले असते, ते उजाडल्यावर आले. आईला हे सांगितले. ती थोडा विचार करून म्हणाली, तिचंही बरोबर असेल. वहीत मी दोन्ही गावे लिहिली आहेत. वेळेची जागा कोरी आहे. ती दोघींनाही आठवत नाही.

ते मूल मुलगा होते की मुलगी, हेही घरात कोणाला ठाऊक नाही. जगले असेल तर आज पन्नाशीचे असेल, आणि कदाचित गेली कित्येक वर्षे माझ्या शेजारून बाजारात जात-येत असेल.

गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसाआधी मी गाडीचे बॉनेट उघडले. तेल पाहायचे होते. आत सगळे स्वच्छ, चकचकीत. मात्र ज्या डबीतून चार तारा चार सिलिंडरांकडे जातात, तिच्याभोवती सायकलच्या ट्यूबचा एक काळा तुकडा नीट गुंडाळून दोऱ्याने बांधलेला दिसला. गाडी उघडली तेव्हा असाच एक तुकडा तेथे होता. कडक होऊन तडकलेला. तो कचरा म्हणून मी स्वतः फेकून दिला होता. मिस्त्रीला दूरध्वनी करून विचारले. तो म्हणाला, “जुना तुटला होता गुरुजी, म्हनून नवा बांधला. डॉक्टरसायबानं काही इचारूनच लावला असन.”