वाय-फाय गेलं की आधी काय तपासायचं?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, लॅपटॉपचं वाय-फाय रुसलं की आपण एक तर राउटरला दोष देतो, नाही तर थेट दुकान गाठतो. यात बऱ्याचदा पैसे वाया जातात. म्हणून हा अनुभव सांगतोय.

आमच्या शाळेत एकच लॅपटॉप आहे. शिष्यवृत्ती परीक्षेचे ३१ अर्ज भरायचे होते आणि हातात ४ दिवस. नेमकं तेव्हाच एका अपडेटनंतर वाय-फाय दर १०-१५ मिनिटांनी तुटायला लागलं. रिस्टार्ट केलं की येई, पुन्हा जाई. दुकानदार म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय, साडेसहा हजार लागतील." एवढे पैसे आणायचे कुठून? काही पालक तर वर्गणी काढायला निघाले!

मी त्यांना थांबवलं. आठवीची मुलं सोबत घेतली आणि विज्ञानाच्या तासाला शिकवतो तोच नियम लावला : एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

त्याच वाय-फायवर फोन ठेवला. तो नीट चालला, म्हणजे राउटर ठीक. लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडला, तरी तुटला. म्हणजे दोष लॅपटॉपमध्ये. मग फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं. तासभर इंटरनेट एकदाही गेलं नाही. म्हणजे बाकी लॅपटॉप ठणठणीत, अडचण फक्त वाय-फायच्या भागात. त्याच केबलवर अर्ज भरायलाही सुरुवात केली.

आता उरलं कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यामधला दुभाषी. दुभाषी चुकला की दोघं शहाणे असूनही बोलणं फिसकटतं. स्टार्टवर राईट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडला. नेटवर्क अॅडॉप्टर्समध्ये वाय-फाय कार्डाच्या प्रॉपर्टीज पाहिल्या. आधी पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणारी टिकमार्क काढली. फरक पडला नाही. ती पुन्हा होती तशी केली. मग ड्रायव्हरच्या टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबून जुना ड्रायव्हर परत आणला. वाय-फाय दिवसभर टिकलं!

एका मुलीने विचारलं, "सर, दोन्ही एकदम केलं असतं तर लवकर झालं नसतं का?" मी काही बोलायच्या आत दुसरा म्हणाला, "झालं असतं, पण कशामुळे झालं ते कळलं नसतं." माझा अर्धा धडा तिथेच झाला.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. रोल बॅकचं बटण फिकट दिसलं, तर जुना ड्रायव्हर लॅपटॉपमध्ये उरलेला नाही. मग मॉडेल नंबर पाहून कंपनीच्या संकेतस्थळावरून तो दुसऱ्या संगणकावर उतरवा आणि पेनड्राइव्हने आणा. दुसरं, पुढचं अपडेट बिघडलेला ड्रायव्हर पुन्हा आणू शकतं. चांगल्या ड्रायव्हरचा आवृत्ती क्रमांक वहीत लिहून ठेवा.

आणि पालकहो, कुणी मोठा खर्च सांगितला तर एवढंच विचारा, "हे कसं तपासलंत?" उत्तर मिळालं नाही, तर पाकीट उघडू नका.