चौदा दिवसांचा नियम

नियम करावयास एक क्षण पुरतो. तो पाळतांना मात्र एकेक दिवस मोठा होत जातो. गेल्या जानेवारींत आमच्या वर्गांतील आठ जणांनीं मिळून चौदा दिवसांचा आहाराचा एक नियम केला. त्या दिवसांत मी कोठें घसरलों व कोणामुळें सांवरलों, तें प्रांजळपणें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रसंग असा घडला. शास्त्राच्या तासास बाईंनीं आम्हांस खाद्यपदार्थांचीं रिकामीं वेष्टनें घरून आणावयास सांगितलें होतें. वेष्टनावर घटकांची यादी छापलेली असते व ज्याचें वजन सर्वांत अधिक तो घटक प्रथम, अशा उतरत्या क्रमानें ती लिहिलेली असते, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथमच कळलें. माझ्या आवडत्या बिस्किटांच्या पुड्यावर मैदा, त्याच्या पाठोपाठ साखर व मग पामतेल अशीं नांवें होतीं. वर चित्र मात्र गव्हाच्या लोंब्यांचें व दुधाच्या धारेचें! मग बाईंनीं फळ्यावर हिशेब मांडला. पदार्थांत वरून घातलेली साखर आणि मध, फळांचे रस इत्यादींतील साखर मिळून जी उष्णता शरीरास मिळते, ती दिवसाच्या एकूण उष्णतेच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें इ. स. २०१५ मध्यें सुचविलें आहे. ती विसाव्या हिश्शाच्या आंत, म्हणजे मोठ्या माणसास सुमारें २५ ग्रॅम साखरेच्या आंत, राहिल्यास अधिक चांगलें. आणि ३३० मिलिलिटर कोला पेयाच्या एकाच डब्यांत सुमारें ३५ ग्रॅम साखर असते! वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. कारण मधल्या सुटींत आमच्यापैकीं कित्येकांच्या हातीं तसलीच बाटली असे.

त्याच सायंकाळीं मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाखालीं बसून आम्हीं नियम ठरविले. पुड्यांतील बिस्किटें व वेफर्स, दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया, बाटलींतील पेयें आणि गाड्यावरचे तळलेले पदार्थ चौदा दिवस वर्ज्य. रोज भाकरी, पालेभाजी किंवा उसळ आणि एक फळ अवश्य. रात्रीं निजण्यापूर्वीं दिवसभरांत जें खाल्लें तें वहींत खरें लिहावयाचें, व वही शनिवारीं सर्वांस दाखवावयाची. पुढाकार माझा असल्यामुळें वह्या तपासण्याचें काम मजकडे आलें. त्या अधिकाराचा मला किती अभिमान वाटला म्हणून सांगूं!

जानेवारी म्हणजे आमच्या सोलापुराकडे खाणाऱ्याची चंगळ. मंडईंत पेरू, बोरें, गाजरें व ओला हरभरा यांचे ढीग लागलेले, शेतांत हुरडा. आई डब्यांत मालदांडी ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी व शेंगांची चटणी देई. तीन दिवस उत्साहांत गेले. चौथ्या दिवशीं मात्र सायंकाळ होतांच जीभ बंड करूं लागली. शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरांच्या आंत अति मेद, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ विकूं नयेत, असा केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा इ. स. २०२० चा नियम आहे. आमच्या वाटेवरचा भज्यांचा गाडा बहुधा एकावन्नाव्या मीटरावर उभा असावा! त्याचा वास सोसेना. घरीं आल्यावर आजी म्हणाली, "अरे, भूक पोटाला लागली आहे कीं जिभेला, तें आधीं विचार. पोटाला लागली असेल तर हे फुटाणे खा." मीं फुटाणे खाल्ले, आणि खरोखरच भूक भागली.

पण पांचव्या दिवशीं, शुक्रवारीं, क्रिकेटचा सामना आम्हीं जिंकला. उन्हांत घसा कोरडा पडलेला, एका खेळाडूनें थंड बाटली पुढें केली, आणि माझे सोबती आसपास नाहींत असें पाहून मीं ती एका दमांत संपविली. रात्रीं वही उघडली. भाकरी, मेथी, ताक, पेरू असें सर्व लिहिलें. बाटली लिहिली नाहीं. हात थबकला होता, हें मला आठवतें. पण वह्या तपासणाराच चुकला असें कोणास दिसूं नये, असें वाटलें.

दुसऱ्या दिवशीं तपासणी झाली. एका मुलीनें "अर्धी कचोरी" असें ठळक अक्षरांत लिहिलें होतें. तिला सर्व जण हंसले व तीही हंसली. माझ्या बाकावरच्या सोबत्याच्या वहींत मात्र रोज सकाळीं एकच नोंद : "चहा व चार बिस्किटें." फळाचें नांव कोठेंच नाहीं. मी सर्वांदेखत म्हणालों, "तुला जमत नव्हतें तर आरंभींच सांगावयाचें. तुझ्यामुळें सर्वांचा नियम मोडला." त्याचा चेहरा उतरला. "मीं खरें तें लिहिलें आहे," एवढेंच बोलून तो निघून गेला. वही तेथेंच राहिली.

ती परत देण्यासाठीं रविवारीं मी त्याच्या घरीं गेलों. त्याची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत होती. तिनें हात न थांबवितां मला बसावयास सांगितलें. बोलण्याच्या ओघांत ती म्हणाली, "सकाळच्याला भाकरी थापायला सवडच नसते बघ, बाळा. हजार विड्या झाल्याशिवाय हातांत कांहीं पडत नाहीं. मग लेकरांना पांच रुपयांचा एक पुडा. पेरूच्या किलोंत आमची दोन दिवसांची भाजी होते." तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. बाहेर पडतांना वही सोबत्याच्या हातीं देऊं लागलों, तों माझी मान वर होईना. त्यानें पांच दिवस जें खाल्लें तें लिहिलें होतें. मीं एक दिवस जें खाल्लें तें लपविलें होतें. मग नियम कोणीं मोडला?

रात्रीं मीं शुक्रवारच्या पानावर "थंड पेयाची बाटली, १" असें लिहिलें, आणि सोमवारीं कडुनिंबाखालीं तें पान सर्वांस वाचून दाखविलें. सोबत्याची क्षमा मागितली. कोणी कांहीं बोललें नाहीं. मग तोच म्हणाला, "अरे, आतां तुझी वही माझ्या वहीएवढी खरी झाली." असें म्हणून तो बाजूस सरकला व त्यानें मला बसावयास जागा दिली.

त्यानंतर आम्हीं नियम सुधारले. फळ प्रत्येकानें आणावें ही सक्ति काढली. ज्याच्या घरीं असेल त्यानें आणावें व आठांनीं वांटून खावें असें ठरलें. सकाळच्या पुड्यावर उपाय सोबत्यानेंच काढला. त्याची आई रात्रीं दोन भाकऱ्या अधिक थापूं लागली, आणि सकाळीं तो व त्याची बहीण त्या शेंगांच्या चटणीशीं खाऊं लागलीं. वह्या तपासण्याचें काम बंद झालें. ज्यानें त्यानें आपली वही वाचावी, एवढेंच उरलें.

पुढें बाईंनीं आम्हांस एक प्रयोग सांगितला. अमेरिकेंत २० प्रौढ माणसांस दोन आठवडे कारखान्यांत तयार झालेलें अन्न व दोन आठवडे साधें अन्न देऊन, हवें तितकें खाऊं दिलें. दोन्ही ताटांत वाढलेली उष्णता, साखर व मेद सारखेच होते. तरीहि कारखान्याच्या अन्नावर माणसें रोज सुमारें ५०० कॅलरी अधिक खात व त्यांचें वजन सरासरी ९०० ग्रॅमनीं वाढलें. साध्या अन्नावर तें तितकेंच उतरलें. इ. स. २०१९ मध्यें हा प्रयोग प्रसिद्ध झाला. आमचेहि दोन आठवडेच होते. पण आमच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट तोलली गेली, आणि तिच्या तराजूंत मी हलका भरलों होतों.

पंधराव्या दिवशीं आम्हीं आठांनीं मिळून गरम भजीं खाल्लीं, हें कबूल केलें पाहिजे. तीं फार गोड लागलीं. परंतु बिस्किटांचा पुडा हातीं येतांच आतां माझी दृष्टि चित्राकडे न जातां मागच्या बारीक अक्षरांकडे जाते, आणि खिशांत फुटाणे असतात.

वाचकहो, आपणांपैकीं कोणी असा नियम करणार असाल, तर सोबती अवश्य घ्या. एकट्यानें तो तडीस जाणें कठीण. मात्र सोबत्याच्या डब्यांत डोकावण्यापूर्वीं त्याच्या घरची सकाळ कशी उजाडते, तेवढें पाहून घ्या.

— एक विद्यार्थी, इयत्ता ९ वी