ओटी हवीच!

रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे सोलापूरकडे निघाले, की वाटेत घरांचे रूप पालटत जाते. रत्नागिरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. म्हणून जुनी छपरे उतरती, पुढे ओटी, भिंती जांभ्या दगडाच्या. हा दगड खाणीत मऊ असतो. वारा लागला की घट्ट होतो. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती कौले कोकणात घरोघरी चढली. सोलापूरकडे पाऊस याच्या चौथाईच्या आसपास, ऊन मात्र कडक. तिथली जुनी घरे धाब्याची, जाड भिंतींची. दुपारी आत गारवा, उन्हाळ्यात रात्री धाब्यावर अंथरूण.

हे सांगायचे कारण, आमच्या धाकट्या बंधुराजांनी कोकणातल्या गावी बांधायच्या घराचा नकाशा धाडला आहे. दुमजली घर, निजायच्या खोल्या वर, माथ्यावर सपाट गच्ची, ओटीला फाटा! पण तिथे बारा महिने राहणार आहे आमची आई. तिचे गुडघे जिना मानत नाहीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी चार शब्द बोलल्याखेरीज तिचा दिवस सरत नाही. पावसाळ्यात तिने बसायचे कुठे?

घर बांधणाऱ्याने आधी दोन गोष्टी पाहाव्यात: तिथले आभाळ कसे आहे, आणि घरात दिवसभर कोण असणार आहे. बंधुराजांना मी कळवले आहे, "आईची खोली नि न्हाणीघर खाली, छप्पर उतरते, आणि ओटी हवीच. गच्चीची हौस तू पुण्यात भागव!"