कुंभोजगिरीच्या पायथ्याशी

हातकणंगल्याजवळचे बाहुबली क्षेत्र आम्हांस नवे नाही; पण आमच्या स्वमग्न चिरंजीवास गोंगाट सोसत नसल्याने सहकुटुंब जाणे राहूनच गेले होते. यंदा यात्रेचे दिवस टाळून, दुकान बंद ठेवून भल्या सकाळी गेलो. १९६३ साली प्रतिष्ठापित झालेली २८ फूट उंचीची संगमरवरी मूर्ती कोवळ्या उन्हात उजळली होती. एरवी क्षणभर न थांबणारा हा मुलगा भगवंतांच्या अंगावरील वेली बोटाने हवेत गिरवीत कितीतरी वेळ उभा राहिला. कुणीही घाई केली नाही. मग धाकटी डोंगराच्या पायऱ्या मोजीत धावली. तो तिच्यामागे, प्रत्येक पायरीस हात लावून! (वेळ लागला, लागू दे.) खाली उतरल्यावर आजीने दशम्यांचा डबा उघडला. पहिला तुकडा त्याने बहिणीच्या हातावर ठेवला.