नाव शाबूत असतं

कमांड बिघडली की लोक आधी सगळं पुसून नव्यानं इन्स्टॉल करतात. मला ते पटत नाही. एन्व्हायर्नमेंट तेच राहतं, म्हणून दुखणंही राहतं.

अम्मीच्या आवाजातल्या गाण्यांच्या फाइली भाच्यानं सर्व्हरवर ठेवल्या. 'एलएस' दिलं, तर 'हल्दी', 'मेहंदी' या देवनागरी नावांऐवजी नुसते आकडे नि तिरप्या रेघा. "मामू, नावं खराब झाली. इंग्रजीत बदलून टाकू?" म्हटलं, "बेटा, हात लावू नकोस." 'हल्दी' हा अम्मीचा उच्चार, तो गेला तर परत कुठून आणायचा?

यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक व्यंजन, प्रत्येक मात्रा ३ बाइटांची. लोकेल नुसतं 'सी' असेल, तर 'एलएस'ला ती अक्षरं ओळखूच येत नाहीत. डिस्कवर नाव शाबूत असतं.

'लँग' त्यानं आधीच बदललं होतं, फरक शून्य. मग 'लोकेल' कमांड चालवायला लावली. 'एलसी_ऑल'मध्ये 'सी' बसलेलं! ते असलं की 'लँग'चं कुणी ऐकत नाही. प्रोफाइलमधली ती ओळ काढली, पुन्हा लॉगिन केलं, नावं दिसली.

क्रॉनमधून चालणारा बॅकअप मात्र लॉगिनचं प्रोफाइल वाचत नाही. तिथं लोकेल स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं बरं.