नावातील काना-मात्रा

आमच्या मंडळाचा कायदेविषयक शब्दसंग्रह अनेक वर्षे सबव्हर्जनमध्ये होता. तो गिटमध्ये हलविण्याचे ठरले, तेव्हा लेखकांच्या नावांची यादी तपासण्याचे काम आमच्याकडे आले. नावांचा वाद शेवटी वकिलाकडेच येतो.

सबव्हर्जन प्रत्येक नोंदीसोबत वापरकर्त्याचे केवळ लघुनाम ठेवते. गिटला तेवढे पुरत नाही. त्याला पूर्ण नाव हवे, पुढे कोनी कंसात ईमेल, मग १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद आणि शेवटी वेळेचा फरक, आपल्याकडचा +०५३०. म्हणून आधी यादी करावी लागते: डावीकडे लघुनाम, उजवीकडे नाव व ईमेल. यादीत नसलेला लेखक भेटला की आयात तेथेच थांबते. हे थांबणे आम्हांला रास्त वाटते. निनावी दस्त नोंदवून घेणारा निबंधक कोणाला हवा आहे?

अडले ते पुढे. यादी पडताळण्यासाठी मिळालेल्या आज्ञावलीने ‘कमल’ स्वीकारले, ‘कमला’ नाकारले. ‘मदन’ चालला, ‘मोहन’ चालेना. युनिकोडमध्ये क, म, ल ही अक्षरे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही मात्र चिन्हे, म्हणजे निराळा वर्ग. नावात केवळ अक्षरेच असावीत, हा नियम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून कोणी लिहिला की बाराखडीतले पहिले अक्षर आत जाते आणि उरलेली बाराखडी दाराबाहेर राहते. वास्तविक गिटची स्वतःची अट इतकी कडक नाही. नावात कोनी कंस नको, ओळ तुटायला नको. लिपी कोणतीही असो.

नावे रोमनमध्ये लिहून मोकळे व्हा, असा सल्ला मिळाला. आम्ही तो मानला नाही. सीमाभागात एकाच माणसाचे आडनाव मराठी दाखल्यावर एक, कानडी उताऱ्यावर दुसरे आणि इंग्रजी कागदावर तिसरे असते. ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ अशी प्रतिज्ञापत्रे करण्यात आमची निम्मी वकिली गेली. त्यात चौथ्याची भर आम्हीच कशासाठी घालावी? शिवाय लेखकांपैकी एक सहकारी आज हयात नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ लेखकाला कर्तेपण सांगण्याचा हक्क देते, आणि तो त्याच्या कायदेशीर प्रतिनिधींनाही बजावता येतो.

देवनागरीतही खाचखळगे आहेत. ‘कऱ्हाडकर’ मधला ऱ्ह दोन प्रकारे टंकता येतो: स्वतंत्र ऱ वापरून, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन भिन्न माणसे. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही ही दोन रूपे एक करीत नाही. ती हाताने जुळवावी लागली.

आयातीपूर्वीच एवढा काथ्याकूट करण्याचे कारण असे की, गिटमध्ये लेखकाचे नाव नोंदीच्या ओळखांकात मुरलेले असते. मागाहून नाव बदलले तर ती नोंद आणि तिच्यापुढची प्रत्येक नोंद नव्या ओळखांकाची होते. नाव नुसते दाखविण्यापुरते सुधारणारी वेगळी फाइल ठेवता येते. पण मूळ नोंद आहे तशीच राहते.

नियमात चिन्हांचा वर्ग जोडला आणि यादी निघाली. दिवंगत सहकाऱ्यांनी ईमेल कधी वापरलाच नव्हता. त्यांच्या नावापुढचे कोनी कंस आम्ही रिकामे सोडले. आयातीने हरकत घेतली नाही.